डेटाबेस शिकायचाय? आधी उधारीची वही उघडा



आज एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू. आत्ता, या क्षणी, तुमची बाजारात एकूण उधारी किती आहे? त्यातली साठ दिवसांपेक्षा जुनी किती? आणि ती नेमकी कोणाकोणाकडे आहे?

घड्याळ लावा आणि उत्तर काढून बघा. पाच मिनिटांत पक्कं उत्तर आलं तर तुमचं अभिनंदन. पण बहुतेकांचं काय होतं, तर थोडा हिशेब वहीत असतो, थोडा एक्सेलमध्ये, थोडा व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये आणि उरलेला आपल्या डोक्यात. उत्तर काढायला अख्खी संध्याकाळ जाते आणि तरी खात्री नसते. खात्री नसली की माणूस फोन करायला कचरतो. "काकू, तुमचे आठशे राहिलेत" असं म्हणायचं आणि समोरून "अहो, मी तर कधीच दिले" असं उत्तर आलं तर? मग आपण गप्प बसतो. पैसे बुडतात ते असे.

रिलेशनल डेटाबेस हे नाव ऐकलं की वाटतं, हे इंजिनीअर लोकांचं काम. तसं नाही. ही मुळात नोंदी ठेवायची एक शिस्त आहे. कमांड कशा टाइप करायच्या, हे व्हिडिओत स्क्रीनवर दाखवता येतं. या लेखात आपण त्याच्या आधीचं बघू, म्हणजे शिकायला सुरुवात करताना डोक्यात काय पक्कं हवं आणि नवीन माणूस नेमका कुठे अडखळतो. उदाहरण म्हणून घरगुती फराळाचा व्यवसाय घेऊ: चकली, चिवडा, लाडू, काही घरगुती गिऱ्हाइकं आणि काही किराणा दुकानं. तुमचा धंदा वेगळा असेल तर फक्त मालाची नावं बदला, बाकी सगळं तेच आहे.

ही कल्पना तुम्हाला आधीच माहीत आहे

1970 साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने एक शोधनिबंध लिहिला. माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवायची, आणि एका तक्त्यातली ओळ दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीशी एका सामाईक किमतीने, म्हणजे समजा एका नंबराने, जोडायची, अशी त्याची मांडणी होती. तिच्यावरच पुढे रिलेशनल डेटाबेस उभे राहिले. काही वर्षांनी, 1974 मध्ये, आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा मांडली. तिलाच आज आपण एसक्यूएल म्हणतो. पन्नास वर्षं झाली, तरी ती टिकून आहे. म्हणजे एकदा शिकलात की पुढच्या वर्षी जुनी होईल अशी ही विद्या नाही.

आता आपल्याकडचं बघा. कॉमर्स शिकलेल्यांना कीर्द आणि खतावणी आठवत असेल. कीर्दीत रोजची नोंद व्हायची आणि तिच्या शेजारी एक बारीक रकाना असायचा, 'खा. पा.', म्हणजे खाते पान. ही नोंद खतावणीत कुठल्या पानावर गेली, त्याचा नंबर तिथे लिहायचे. कीर्दीत गिऱ्हाइकाचा पत्ता, फोन, जुनी बाकी असलं काही पुन्हा पुन्हा लिहीत नसत. पान नंबर पुरे होता.

डेटाबेसवाले त्या पान नंबराला 'फॉरेन की' म्हणतात. नाव नवीन, काम जुनंच.

या सगळ्यातून एकच नियम लक्षात ठेवा: एक गोष्ट एकाच जागी लिहायची, बाकी ठिकाणी फक्त तिचा नंबर लिहायचा. पुढचा सगळा लेख या एका नियमाभोवती आहे.

मग एक्सेल काय वाईट आहे?

अजिबात वाईट नाही. खर्चाचा अंदाज, कॉस्टिंग, एखादं कोटेशन, यासाठी एक्सेलसारखं सोपं साधन नाही. अडचण येते ती एकाच शीटमध्ये सगळा धंदा कोंबला की. प्रत्येक ओळीत गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, मोबाइल, मालाचं नाव, भाव, किलो, जमा, बाकी. सहा महिन्यांत 'गणेश किराणा', 'श्री गणेश किराणा' आणि 'गणेश किराना' अशी तीन दुकानं तयार होतात. दुकान मात्र एकच. आता त्याची बाकी काढा! शोध घेतला की एकच नाव सापडतं आणि उरलेल्या दोन नावांखालची उधारी तशीच पडून राहते.

हे फक्त छोट्यांचंच होतं असंही नाही. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या जवळपास 16,000 पॉझिटिव्ह केसेस रोजच्या आकड्यांतून गळल्या होत्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या फाइलला 65,536 ओळींची मर्यादा आहे. मर्यादा संपली आणि पुढची माहिती आत गेलीच नाही. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायचं काम त्यामुळे मागे पडलं.

आपल्या धंद्यात 65,000 ओळी होणार नाहीत, मान्य. पण धडा लागू पडतो: नोंद गळली तर ती गळल्याचं आपल्याला कळतं का? डेटाबेस नीट बांधला तर तो चुकीची नोंद घ्यायलाच नकार देतो. एक्सेल सहसा काहीही बोलत नाही.

पायरी 1: आधी प्रश्न लिहा, टेबल नंतर

शिकणारे बहुतेक जण सॉफ्टवेअर उघडतात आणि लगेच टेबल बनवायला बसतात. थांबा. एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या धंद्याला तुम्ही रोज विचारता ते दहा प्रश्न लिहा. उदाहरणार्थ:

- कोणाकडे किती बाकी आहे?
- मागच्या दिवाळीला चकली किती किलो गेली?
- सहा महिन्यांत एकदाही ऑर्डर न दिलेली जुनी गिऱ्हाइकं कोणती?
- कुठला माल दुकानांना जास्त जातो आणि कुठला घरगुती गिऱ्हाइकांना?
- अमुक बॅचचा चिवडा कोणाकोणाला गेला?

शेवटचा प्रश्न वाचून थांबलात ना? तेल खवट लागल्याची तक्रार आली तर तो माल आणखी कोणाकडे गेलाय, हे अर्ध्या तासात कळायला हवं. त्यासाठी विक्रीच्या नोंदीत बॅच नंबर हवा. तो आज लिहिला नाही, तर उद्या कुठलंच सॉफ्टवेअर तो शोधून देणार नाही. म्हणून म्हणतो, प्रश्न आधी. प्रश्नांवरून कळतं की काय लिहून ठेवायचं.

पायरी 2: पाच टेबलं पुरतात

आपल्या फराळाच्या धंद्याला सुरुवातीला एवढीच टेबलं लागतात:

- ग्राहक: ग्राहक नंबर, नाव, मोबाइल, भाग, प्रकार (घरगुती की दुकान)
- माल: माल नंबर, नाव, एकक, आजचा भाव
- बिल: बिल नंबर, तारीख, ग्राहक नंबर
- बिलाच्या ओळी: बिल नंबर, माल नंबर, बॅच नंबर, किती, कुठल्या भावाने
- जमा: पावती नंबर, तारीख, ग्राहक नंबर, रक्कम, रोख की यूपीआय

नवीन माणसाला इथे दोन शंका हमखास येतात.

पहिली शंका: बिल आणि बिलाच्या ओळी वेगळ्या कशाला? कारण एका बिलात माल कितीही प्रकारचा असतो. बिलाच्या टेबलमध्ये 'माल 1', 'माल 2', 'माल 3' असे रकाने केलेत, तर चौथा माल घेणारं गिऱ्हाईक आलं की अडलात. शिवाय 'चकली एकूण किती गेली' हे काढायला तीन-तीन रकाने तपासावे लागतील. रकाने वाढवायची वेळ आली की समजायचं, इथे नवीन टेबल हवंय. वाढायला हव्यात त्या ओळी, रकाने नाहीत.

दुसरी शंका: जमा रक्कम बिलाला जोडायची की ग्राहकाला? पुस्तकात बऱ्याचदा बिलाला जोडलेली दिसते. पण आपला बाजार कसा चालतो? दुकानदार दोन हजार हातात ठेवतो आणि म्हणतो, "जुन्यातले वळते करून घ्या." कुठल्या बिलाचे, ते तो सांगत नाही. म्हणून जमा ग्राहकाच्या नावावर घ्या. आणि एक नियम ठरवा की आलेला पैसा आधी सर्वांत जुन्या बिलात वळता होईल. साठ दिवसांपेक्षा जुनी उधारी काढायची तर हा नियम लागतोच. तो तुम्हीच ठरवायचा. कॉम्प्युटर ठरवत नाही आणि सॉफ्टवेअर विकणारा तर नाहीच नाही.

पायरी 3: प्रत्येकाला नंबर द्या, आणि तो बदलू नका

प्रत्येक टेबलमध्ये प्रत्येक ओळीला तिचा स्वतःचा नंबर हवा. याला 'प्रायमरी की' म्हणतात. "मग मोबाइल नंबरच वापरू की!" असं बरेच जण म्हणतात. नको. माणूस सिम बदलतो. एकाच मोबाइलवरून सासू आणि सून दोघी ऑर्डर देतात. जीएसटी नंबरही नको, कारण घरगुती गिऱ्हाइकाकडे तो नसतोच. साधा 1, 2, 3 असा क्रमांक घ्या. त्याला काही अर्थ नसावा. अर्थ नसला की तो बदलायची वेळ येत नाही.

मग बिलात ग्राहकाचं नाव लिहायचंच नाही, फक्त त्याचा नंबर. गणेश किराणाचा मोबाइल बदलला तर एका जागी बदला, सगळीकडे बदलला. शिवाय फॉरेन कीची तपासणी चालू असेल तर नसलेल्या ग्राहकाच्या नावाने बिल फाडता येत नाही, आणि ज्याची बिलं आहेत तो ग्राहक चुकून डिलीटही होत नाही.

एक सूचना. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरत असाल तर ही तपासणी त्यात मुळात बंद असू शकते. डेटाबेस उघडल्यावर दर वेळी 'प्रॅग्मा फॉरेन कीज ऑन' ही कमांड द्यावी लागते. हे माहीत नसल्यामुळे अनेकांना वाटतं की आपण सुरक्षित आहोत, आणि प्रत्यक्षात दार उघडंच असतं.

पायरी 4: आजचा भाव वेगळा, त्या दिवशीचा भाव वेगळा

'एक गोष्ट एकाच जागी' हा नियम कळला की उत्साहाच्या भरात लोक एक गोष्ट करतात: भाव फक्त मालाच्या टेबलमध्ये ठेवतात आणि बिलात नुसता माल नंबर लिहितात. दिसायला बरोबर वाटतं. पण चकलीचा भाव 440 चा 480 केला की काय होईल? मागच्या वर्षीची सगळी बिलं 480 ने दिसायला लागतील!

जीएसटीचंही तसंच. 22 सप्टेंबर 2025 पासून पॅकिंगमधल्या नमकीन, फरसाणावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तोही दिवाळीच्या तोंडावर. ज्यांनी दर फक्त मालाच्या टेबलमध्ये ठेवला असेल, त्यांनी 12 चा 5 केला की 21 तारखेचं बिलसुद्धा 5 टक्क्यांनी दिसणार. ग्राहकाकडे असलेला कागद एक सांगणार आणि तुमचा हिशेब दुसरंच.

मग नियम मोडायचा का? नाही. नीट विचार केलात तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'चकलीचा आजचा भाव' ही मालाची माहिती, ती मालाच्या टेबलमध्ये. 'त्या दिवशी त्या गिऱ्हाइकाला कुठल्या भावाने आणि कुठल्या दराने दिली' ही विक्रीची माहिती, ती बिलाच्या ओळीत. पहिली बदलत राहते, दुसरी कायमची. प्रत्येक रकान्याला हा प्रश्न विचारायची सवय लावा: हे आजचं आहे, की त्या दिवशीचं?

पायरी 5: रकान्याचा प्रकार बघून ठरवा

- मोबाइल, पिनकोड, जीएसटी नंबर: हे 'टेक्स्ट' ठेवा. दिसायला आकडे असले तरी आपण त्यांची बेरीज करत नाही. आकडा म्हणून ठेवलं तर सुरुवातीचं शून्य उडतं. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने आणि गोव्याचा 30 ने सुरू होतो. लांबी 15 च हवी अशी अट टेबलमध्येच घालता येते.
- तारीख: वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे 2025-10-18 अशी. 05/06 म्हणजे पाच जून की सहा मे, हा वाद मिटतो आणि तारखा आपोआप क्रमाने लागतात.
- पैसे: अपूर्णांकाच्या 'फ्लोट' प्रकारात ठेवू नका, त्यात पैशा-पैशाचा फरक साठत जातो. 'डेसिमल' प्रकार घ्या, किंवा सगळं पैशांत पूर्ण आकडा म्हणून ठेवा. 480 रुपये म्हणजे 48,000 पैसे.
- रिकामी जागा: 'शून्य' आणि 'माहीत नाही' यात फरक आहे. डेटाबेसमध्ये 'माहीत नाही' याला 'नल' म्हणतात. याची गंमत आता पुढे बघू, कारण तिथे पैसे अडकतात.

पायरी 6: बाकी लिहू नका, बाकी काढा

वहीत आपण प्रत्येक ओळीपुढे बाकी लिहितो. डेटाबेसमध्ये बाकीचा रकानाच नको. एकूण बिल वजा एकूण जमा, ती बाकी. विचाराल तेव्हा ताजी निघते. रकाना ठेवलात तर एखाद्या दिवशी जमा लिहाल आणि बाकी बदलायची राहील. मग खरं कुठलं?

एसक्यूएलमध्ये प्रश्न विचारायची रीत सोपी आहे. 'सिलेक्ट' म्हणजे काय दाखवू, 'फ्रॉम' म्हणजे कुठल्या टेबलमधून, 'जॉईन' म्हणजे कशाला जोडून, 'व्हेअर' म्हणजे कुठल्या ओळी, 'ग्रुप बाय' म्हणजे कोणाकोणाची बेरीज वेगळी. एवढ्या पाच शब्दांवर बरंच काम होतं. पण बाकी काढताना तीन खड्डे आहेत. कमांड चालते, उत्तर येतं, एररही येत नाही, आणि तरी उत्तर चुकीचं असतं. म्हणून हे लक्ष देऊन वाचा.

पहिला खड्डा: ज्याने काहीच दिलं नाही, तोच गायब. साधा 'जॉईन' फक्त दोन्हीकडे असलेल्या ओळी दाखवतो. ज्या ग्राहकाची जमेत एकही नोंद नाही, तो यादीतून गळतो. म्हणजे थकबाकीच्या यादीत सगळे असतात, फक्त एक पैसाही न देणारा नसतो! उपाय: 'लेफ्ट जॉईन' वापरा. त्यात डावीकडच्या टेबलमधले सगळे येतात, उजवीकडे नोंद असो वा नसो.

दुसरा खड्डा: नल. लेफ्ट जॉईन केलात, तो ग्राहक आला, पण त्याची जमा 'नल' आली. 2,500 वजा 'माहीत नाही' किती? 'माहीत नाही'. बाकीचा रकाना कोरा दिसतो आणि आपल्याला वाटतं, काही राहिलं नसेल. उपाय: 'कोअलेस' नावाचं फंक्शन आहे, ते नलच्या जागी शून्य धरतं.

तिसरा खड्डा: ओळींचा गुणाकार. हा सर्वांत फसवा. समजा एका ग्राहकाने घेतलं: चकली 2 किलो, 480 ने, 960 रुपये. चिवडा 3 किलो, 320 ने, 960 रुपये. लाडू 1 किलो, 580 रुपये. एकूण 2,500. जीएसटी सध्या बाजूला ठेवू. त्याने दोनदा पैसे दिले, 1,000 आणि 500. जमा 1,500. बाकी 1,000.

आता बिलाच्या ओळी आणि जमा एकाच वेळी ग्राहकाला जोडल्या की काय होतं? तीन ओळी गुणिले दोन जमा, अशा सहा ओळी तयार होतात. बिलाची प्रत्येक ओळ दोनदा मोजली जाते, एकूण 5,000. जमेची प्रत्येक नोंद तीनदा, एकूण 4,500. बाकी दिसते 500. खरी बाकी 1,000. तुमचे पाचशे गेले आणि कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून तुम्ही विश्वासही ठेवला. उपाय: आधी ग्राहकवार बिलाची बेरीज वेगळी काढा, जमेची वेगळी काढा, म्हणजे प्रत्येक ग्राहकाची एकेकच ओळ उरेल. मग त्या दोन बेरजा जोडा.

म्हणून शिकताना ही सवय पक्की करा: पाच ग्राहकांची नमुना माहिती बनवा. एक पूर्ण पैसे देणारा, एक दोनदा देणारा, एक काहीच न देणारा, एक ॲडव्हान्स देऊन ठेवलेला आणि एक अजून काहीच न घेतलेला. पाचही जणांची बाकी आधी हाताने, कागदावर काढा. मग कमांड चालवा. जुळलं तरच ती कमांड खऱ्या माहितीवर चालवायची.

पायरी 7: पुसण्याआधी बघा

'डिलीट' किंवा 'अपडेट' कमांड देताना 'व्हेअर' विसरलं तर एका ग्राहकाऐवजी सगळ्यांची माहिती बदलते. 'तुम्हाला खात्री आहे का?' असं डेटाबेस विचारत बसत नाही. दोन गोष्टी करा. आधी तोच 'व्हेअर' लावून 'सिलेक्ट' चालवा आणि किती ओळी येतात ते बघा. मग 'बिगिन' म्हणून ट्रान्झॅक्शन सुरू करा, बदल करा, तपासा. बरोबर असेल तर 'कमिट', नाहीतर 'रोलबॅक'. रोलबॅक केलं की सगळं होतं तसं. पण एकदा कमिट झालं की परत फिरता येत नाही.

आणि बॅकअप. रोज दुकान बंद करताना प्रोग्रॅम बंद करून डेटाबेसची फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करा, फाइलच्या नावात तारीख घाला. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप आहे की नाही, हे आपल्याला गरज पडते त्याच दिवशी कळतं.

गिऱ्हाइकांची माहिती आपल्याकडे विश्वासाने आलेली असते, हेही विसरू नका. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे. लागते तेवढीच माहिती ठेवा, फाइलला पासवर्ड असलेल्या कॉम्प्युटरवरच ठेवा आणि नंबरांची यादी कोणालाही फॉरवर्ड करू नका.

सुरुवात कुठून करायची?

एसक्यूलाइटपासून. रिचर्ड हिप यांनी 2000 साली बनवलेला हा डेटाबेस फुकट आहे, सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तो आधीपासून आहे. कॉम्प्युटरवर 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' हा मोफत प्रोग्रॅम घ्या. एक काळजी घ्या: एसक्यूलाइट आकड्याच्या रकान्यात अक्षरंही घेतो. ते नको असेल तर टेबल बनवताना 'स्ट्रिक्ट' हा शब्द लावा. पुढे दोन-तीन माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर नोंदी करायला लागली की पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलकडे जा. शिकलेलं बहुतेक सगळं तिथे चालतं.

रोज एक तास धरला तर चार आठवड्यांचा आराखडा असा:

- पहिला आठवडा: फक्त कागद. दहा प्रश्न आणि पाच टेबलं. कॉम्प्युटर नाही.
- दुसरा आठवडा: टेबलं बनवा, पाच नमुना ग्राहक भरा, सिलेक्ट आणि व्हेअरचा सराव.
- तिसरा आठवडा: जॉईन आणि ग्रुप बाय. तिन्ही खड्ड्यांत मुद्दाम पडून बघा, चुकीचं उत्तर डोळ्यांनी बघा, मग दुरुस्त करा.
- चौथा आठवडा: खऱ्या वहीतला एकच महिना भरा आणि दहा प्रश्नांची उत्तरं काढा.

आणि हो, तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर नीट चालत असेल तर ते फेकून देऊ नका. जीएसटीचं बिल, रिटर्न हे त्याचं काम त्याला करू द्या. वहीसुद्धा पहिले तीन महिने चालूच ठेवा आणि दर आठवड्याला दोन्हीकडची बाकी जुळवा. डेटाबेस शिकण्याचा फायदा असा की उद्या कोणी महागडं सॉफ्टवेअर विकायला आलं, तर तुम्ही त्याला विचारू शकाल: "भाव बदलला तर जुनी बिलं बदलतात का? माझी सगळी माहिती मला बाहेर काढून मिळेल का? ज्याने एकही पैसा दिला नाही तो थकबाकीच्या यादीत दिसतो का?" या तीन प्रश्नांवर समोरचा किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

आजचा गृहपाठ

आज रात्री दुकान आवरल्यावर उधारीच्या वहीचं एकच पान घ्या. फक्त एक. त्यावरची माहिती कागदावर पाच चौकटींत वाटा: ग्राहक, माल, बिल, बिलाच्या ओळी, जमा. प्रत्येक ग्राहकाला नंबर द्या. एकच माणूस दोन नावांनी आलाय का ते बघा. मग प्रत्येकाची बाकी काढा आणि वहीत लिहिलेल्या बाकीशी ताडून पाहा.

जिथे आकडा जुळत नाही, त्या गिऱ्हाइकाला उद्या सकाळी फोन करा. तारीख, माल आणि रक्कम समोर ठेवून, नम्रपणे बोला. खात्रीने बोललात की समोरचाही नीट ऐकतो. आणि वहीत आपलीच चूक निघाली, तर तेही त्याला मोकळेपणाने सांगा. ते गिऱ्हाईक पुढच्या दिवाळीला परत येईल.